धाकलीकाकीचे स्वेटर

पनवेलजवळच्या करंजाड्याला राहायला आलो त्याच दिवशी, लिफ्टमध्ये, एका अनोळखी बाईने माझी पाठ मोजली.

मोजली म्हणजे खरोखर मोजली. माझ्या दोन्ही हातांत स्वयंपाकघरातल्या भांड्यांची खोकी होती आणि हनुवटीखाली भिंतीवरचं घड्याळ दाबून धरलं होतं. लिफ्ट पहिल्या मजल्यावर थांबली. सत्तरीतली, उंच, रुंद बांध्याची, गुडघ्यापर्यंत लुगडं खोचलेली एक बाई आत आली आणि सरळ माझ्या मागे जाऊन उभी राहिली. पुढच्याच क्षणी तिचा पंजा माझ्या डाव्या खांद्यावर पडला आणि तिथून वीत वीत करत उजव्या खांद्याकडे सरकला.

‘‘पाठ बारकी हाय रं तुजी,’’ ती म्हणाली. ‘‘हात वर कर.’’

‘‘अहो बाई, खोकी आहेत हातात...’’

‘‘बोलू नको. हात वर कर.’’

का कोण जाणे, पण मी खोक्यांसकट हात वर केले. घड्याळ खाली पडलं आणि फुटलं. तिने तिकडे बघितलंही नाही. माझ्या काखेपासून कमरेपर्यंत तिने मापं घेतली, ओठांतल्या ओठांत पुटपुटली आणि विचारलं, ‘‘कामाला कंच्या गावाला जातंस?’’

‘‘बेलापूरला.’’

‘‘बरा,’’ असं म्हणून ती उतरली. त्या दिवसापासून त्या इमारतीत माझं नाव ‘बेलापूर’ झालं. मला आईवडिलांनी दुसरं एक चांगलं नाव ठेवलंय, पण ते तिने आजतागायत विचारलेलं नाही.

ही धाकलीकाकी. सात बहिणींतली सगळ्यात धाकटी म्हणून धाकली. बाकीच्या सहा जणी गेल्या, काकीला नातसुना आल्या, तरी ती धाकलीच राहिली. आमची सात मजली इमारत उभी आहे ती जमीन मुळात तिच्या सासरची. करंजाडे वसलं तेव्हा शेतं गेली, बदल्यात प्लॉट मिळाला, प्लॉटवर बिल्डरने इमारत बांधली आणि पहिल्या मजल्यावरचे दोन फ्लॅट एकत्र करून काकीला दिले. सातबाऱ्यावरून जमीन गेली असली तरी काकीच्या डोक्यातून ती गेलेली नव्हती. आमच्या घरी पहिल्यांदा आली तेव्हा हॉलच्या मधोमध उभी राहून म्हणाली, ‘‘ह्या तुज्या सोफ्याखाली आमचा भात व्हायचा. आन तुजा संडास हाय ना, थितं चिंबोऱ्या गावायच्या. अशा मोठ्या!’’ माझी बायको मेधा पुढे दोन दिवस खेकड्यांच्या भीतीने त्या संडासात पाय जपून टाकत होती. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, हे दोघींपैकी एकीच्याही लक्षात आलं नाही.

काकी सगळ्यांना ‘अरे-तुरे’ करायची. सोसायटीचे सेक्रेटरी साने हे बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनाही ‘ए सेक्रेट्री’. ‘तुमी’ हा शब्द तिने फक्त देवासाठी आणि डोळ्यांच्या डॉक्टरसाठी राखून ठेवला होता.

मापं घेतल्यावर पंधरा दिवसांत माझा स्वेटर आला. मे महिना होता. पनवेलचा मे महिना ज्याने काढलाय त्याला सांगायला नको. अंगातला बनियनसुद्धा पापासारखा वाटतो. स्वेटर जाड लोकरीचा, पोपटी, आणि त्यावर भगव्या रंगाचे आडवे पट्टे. मी आभार मानून तो कपाटात ठेवायला निघालो.

‘‘घालून दाव.’’

‘‘काकी, थंडीत घालीन ना.’’

‘‘पनवेलला थंडी कवा पडली रं? हात वर कर.’’

मी घातला. मला तो इतका बेतशीर बसला की धक्काच बसला. माझा डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित खाली आहे हे माझ्या शिंप्यालाही वीस वर्षांत कळलं नव्हतं. काकीच्या स्वेटरला ते माहीत होतं.

हळूहळू उलगडा झाला की या इमारतीत स्वेटर नसलेला प्राणी नाही. वॉचमनला जांभळा. गेटवरच्या कुत्र्याला बिनबाह्यांचा लाल. पाण्याच्या पंपाच्या मोटारीलासुद्धा एक विणलेला झगा होता, कारण ‘‘ती बी बिचारी रातदीस कन्हते.’’ हे विणकाम काकी शिकली कुठे, तर तिच्या थोरल्या मुलाच्या डंपरवर एक पंजाबी ड्रायव्हर होता. त्याची बायको वर्षभर गावात येऊन राहिली होती. तिला मराठी येत नव्हतं, काकीला हिंदी येत नव्हतं. ‘‘एकमेकींचा काय बी समजायचा नाय,’’ काकी सांगायची. ‘‘वरीसभर रोज बसायचो. भांडान एक झाला नाय.’’

एका पावसाळ्यात डोंगराकडच्या एका वाडीवर दरड कोसळली. पहाटे सगळे झोपेत असताना निम्मी वाडी मातीखाली गेली. दिवसभर टीव्हीवर तीच दृश्यं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडल्याच्या खुणा येऊ लागल्या आणि साने यांनी जाहीर केलं की ज्यांना मदत द्यायची आहे त्यांनी कपडे क्लबहाउसमध्ये आणून ठेवावेत.

दोन दिवसांत ढीग जमला. मीही त्यात दोन शर्ट टाकले. रविवारी ते बांधायला आम्ही जमलो, तेव्हा काकी आली. ती ढिगाभोवती एक फेरी मारून आली आणि एकेक वस्तू दोन बोटांनी उचलून दाखवू लागली. टिकल्या लावलेला घागरा. कोपरावर फाटलेला नाइटगाउन. पोहण्याचा पोशाख. सहा टाय. आणि एक काळा थ्री-पीस सूट.

‘‘ह्यो कोनाचा?’’

‘‘माझा,’’ साने अभिमानाने म्हणाले. ‘‘माझ्या लग्नातला आहे. अजून उत्तम स्थितीत आहे.’’

‘‘हात वर कर.’’

‘‘अहो काकी, काहीतरीच काय!’’

‘‘बोलू नको. हात वर कर!’’

सगळ्या कमिटीसमोर काकीने सेक्रेटरी सान्यांना त्यांच्या लग्नातला कोट चढवला. एक बाही गेली. दुसरी निम्म्यावर अडली. पाठीची शिवण टरकन उसवली. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. हसण्याची कुणाची हिंमत नव्हती.

‘‘तुना बसत नाय,’’ काकी म्हणाली. ‘‘मंग त्यांना रं कसा बसल? मानसा मातीतून भायेर काढली त्यांनी आपल्या हातान. आन तू त्यांना कोट देतंस?’’

साने लालबुंद झाले. मला वाटलं, आता हे सोसायटीचे नियम काढणार. पण ते अर्धवट कोटात तसेच खुर्चीवर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘‘मग काय द्यायचं, तुम्हीच सांगा.’’

‘‘आता काय बी नाय द्यायचा. आता समदे धावतील. तांदूल नेतील, पानी नेतील, फोटो काडतील. थंडीत कोन जानार नाय. आपुन थंडीत जायाचा.’’

दुसऱ्या दिवसापासून इमारतीच्या खालच्या लॉबीत काकीचा कारखाना सुरू झाला. प्लास्टिकच्या खुर्च्या, लोकरीची पोती आणि मधोमध काकी. पावसाळाभर येता-जाता बायका तिथे अडकू लागल्या. माझ्या मेधाला शर्टाचं बटण लावायचं तर यूट्यूब लागतं. ती रात्री जेवताना ‘‘आज माझे सुलट टाके सुटले नाहीत’’ असं सांगू लागली. गणपतीपर्यंत सान्यांच्या सौ. टोप्या विणत होत्या. नवरात्रात खुद्द साने लोकरीचे गुंडे करताना सापडले. दोन्ही हात पुढे करून, त्यावर लोकरीची लड अडकवून, ते शिस्तीत बसले होते.

प्रश्न मापांचा होता. वाडीतल्या माणसांना आम्ही कधी पाहिलेलं नाही, मग स्वेटर कुणाच्या मापाने विणायचे? काकीला हा प्रश्न पडलाच नव्हता.

‘‘ह्या बिल्डिंगीत जशी मानसा हायत तशीच तिकडं असतील. एक बेलापूर असल. एक पोट सुटलेला असल. एक सेक्रेट्री असल.’’

‘‘सेक्रेटरी म्हणजे नेमकं कोणतं माप?’’ सान्यांनी विचारलं. काकीने सान्यांच्या मापाचा स्वेटर करताना पोटाकडे दहा टाके वाढवले.

अशा रीतीने आमच्या प्रत्येकाच्या मापाचा एकेक स्वेटर तयार झाला. रंग अर्थातच काकीचे. मार्गशीर्षातल्या एका सोमवारी ती सकाळीच माझ्या दारात उभी राहिली. ‘‘रजा टाक,’’ म्हणाली. माझी गाडी लहान आहे. डिकीत, मागच्या सीटवर, पायाशी, सगळीकडे लोकर कोंबली. पुढे काकी बसली. पट्टा लावायला तिने साफ नकार दिला. मी पोलिसाची भीती घातली, तर म्हणाली, ‘‘त्याला पन एक आनलाय.’’

पनवेल मागे पडलं तसं तिचं बोलणं सुरू झालं. कुठे कोणाची खाडीकाठची खाजणं होती, कुठे मिठागर होतं, कोणाच्या लग्नात कोण बुडालं. एका ठिकाणी रस्त्याच्या कडेला डोंगर अर्धा कापलेला होता आणि त्याच्या लाल पोटाशी पिवळी यंत्रं उभी होती. काकी बोलायची थांबली.

‘‘माज्या थोरल्याची मशीन हायत ती,’’ काही वेळाने ती म्हणाली. ‘‘इतकी वर्सा बगते. डोंगर पन पडतो, ह्यो कदी मनात आला नाय रं.’’

नंतर बराच वेळ ती गप्प बसली. तिला गप्प बसलेली मी प्रथमच पाहत होतो. मला ते बरं वाटलं नाही.

दुपारी पोचलो. वाचलेल्या माणसांसाठी सडकेच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांच्या दोन रांगा उभ्या केल्या होत्या. मागे डोंगर, आणि त्याच्यावरून खाली आलेला मातीचा रुंद, उघडा पट्टा. टीव्हीवर पाहिलं होतं ते. पण टीव्हीवर त्याची उंची कळत नाही. मी गाडीतून उतरलो आणि तिकडे बघत उभाच राहिलो. त्या मातीवर आता हिरवं गवत उगवलं होतं. का कोण जाणे, मला त्या गवताचा सगळ्यात जास्त धक्का बसला.

तिथे मदतीची व्यवस्था बघणारा एक तरुण पुढारी होता. सगळे त्याला भाऊ म्हणत होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात दोन मोबाइल. मी निघताना फोन केल्यामुळे त्याने लोकांना आधीच रांगेत उभं केलं होतं.

‘‘या मॅडम,’’ तो काकीला म्हणाला. ‘‘तुम्ही इथं उभ्या राहा. एकेक जण येईल. स्वेटर दोघांनी धरायचा आणि इकडं कॅमेऱ्याकडं बघायचं.’’

‘‘मी मॅडम नाय. आन फोटो काडशील त मोबाइल हिरीत टाकीन.’’

रांगेत पुढे उभा असलेला एक म्हातारा खुदकन हसला. भाऊने त्याच्याकडे पाहिलं, तसा तो पुन्हा गंभीर झाला.

काकीने रांग मोडली. ती एकेका माणसाच्या मागे जाऊ लागली आणि पंजाने पाठ मोजू लागली. मला शरमेने मान वर करवेना. ज्यांचं सगळं गेलं त्या माणसांना ही ‘‘हात वर कर’’ म्हणत होती! आणि माणसं हात वर करत होती. ‘‘बेलापूर!’’ ती ओरडली की मी माझ्या मापाचा स्वेटर शोधायचा. ‘‘सेक्रेट्री!’’ की सान्यांचा. ज्याला सान्यांचा बसला तो शाळेतला शिपाई निघाला. पोटावरून हात फिरवून तो म्हणाला, ‘‘आजी, आतापत्तुर आलेलं एक बी कापड मला पोटाला पुरलं नव्हतं.’’

माझ्या मापाचा एक गडी निघाला. पोपटी-भगवा स्वेटर घालून तो माझ्यासमोर उभा राहिला. त्याचाही डावा खांदा किंचित खाली होता. ओझी वाहून असेल, किंवा माझ्यासारखा जन्मतः. आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. तो म्हणाला, ‘‘बसला बरुबर.’’ मी म्हणालो, ‘‘हो, बसला.’’

शेवटच्या खोलीकडे काकी निघाली, तेव्हा दोन बायकांनी तिला अडवलं.

‘‘तिच्याकडं नका जाऊ, आजी. अनसूया कुणासंगं बोलत न्हाई.’’

मग त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं. अनसूया त्या रात्री भावाकडे राहायला गेली होती. नवरा, सासू आणि दोन लेकरं घरात होती. दुसऱ्या दिवशी ती परत आली, तर घर कुठे होतं तेच कळेना. तेव्हापासून ती खोलीत बसून असते. चूल पेटवत नाही. शेजारपाजारच्या बायका आळीपाळीने भाकरी नेऊन ठेवतात. कधी खाते, कधी नाही.

काकी आत गेली. मी दारात थांबलो. आत तिशीतली एक बाई भिंतीला टेकून, गुडघे छातीशी घेऊन बसली होती. कोपऱ्यात मदतीत मिळालेली गॅसची शेगडी होती; तिच्यावरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं.

मी मनात म्हटलं, काकी, कृपा करून आता ‘हात वर कर’ म्हणू नकोस. ती म्हणाली नाही. तिने स्वेटर अनसूयाच्या पुढे ठेवला. अनसूयाने तो पायाने दूर सारला. भाऊ माझ्या कानात ‘‘तसं नाही हो, तिचा स्वभाव चांगला आहे...’’ असं काही पुटपुटला. काकीने सारलेला स्वेटर उचलून बाजूला ठेवला आणि एक एक गुडघा मोडत खाली जमिनीवर बसली. बाहेर कोणीतरी कोंबड्या हाकलत होतं.

मग काकी मोठ्याने म्हणाली, ‘‘बाय, मना भूक लागलीय. भाकरी कर.’’

मी हादरलो. दारातल्या बायका जागच्या जागी थिजल्या. भाऊ तर धावतच आत आला. ‘‘आजी, अहो काय बोलताय! तुमच्या जेवणाची सोय केलीये ना. पुरी-भाजी आहे, जिलबी आहे.’’

‘‘मना तुजी जिलबी नको. हिच्या हातची भाकरी पायजे.’’

‘‘काकी,’’ मी पुढे होऊन तिचा दंड धरला, ‘‘चला. हे बरं दिसत नाही.’’

तिने दंड असा झटकला की मी पत्र्यावर आदळलो. खोलीभर आवाज घुमला. आणि त्या आवाजाने, की कशाने, अनसूयाने मान वर केली. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग काकीकडे. किती वेळ तरी ती काकीकडे बघत होती.

‘‘पीठ न्हाई,’’ ती म्हणाली.

दारातल्या एका बाईने तोंडावर हात घेतला. दुसऱ्याच क्षणी ती पळत सुटली. ‘‘माझ्याकडं हाय! नाचणीचं हाय!’’ तिच्यामागून दुसरी पळाली मिठाला, तिसरी तव्याला. त्या शेगडीचं प्लास्टिक मी आणि भाऊने मिळून फाडलं. त्याचे दोन्ही मोबाइल तिथेच जमिनीवर पडले होते आणि त्याला त्यांची आठवण नव्हती.

अनसूया उठली. पायांना सवय नसल्यासारखी उठली. तिने पीठ मळायला घेतलं, पाणी जास्त झालं, पुन्हा पीठ घातलं. पहिली भाकरी थापताना मोडली. दुसरी करपली. दारात आता सगळी वाडी उभी होती. पोपटी, जांभळे, भगवे स्वेटर घालून. ती सगळी माणसं एका भाकरीकडे श्वास रोखून बघत होती. तिसरी फुगली.

काकीने तिन्ही खाल्ल्या. मोडलेली आधी, मग करपलेली, मग फुगलेली. मिठाबरोबर आणि कोरड्या मिरचीबरोबर. एकदाही ‘चांगली झालीये’ म्हणाली नाही. मान खाली घालून नुसती खात राहिली.

उन्हं उतरायला लागली, तेव्हा मी म्हणालो, ‘‘काकी, निघू या आता. घाट उतरायचाय.’’

‘‘तू जा. मी ऱ्हातंय हितं.’’

‘‘इथे? कुठे राहणार?’’

‘‘हिच्याकडं.’’

‘‘अहो, पण घरी काय सांगू?’’

‘‘घरी मी सांगते. तू रईवारी ये मना न्यायला.’’

मी अनसूयाकडे पाहिलं. तिने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. ती आणखी एका भाकरीचं पीठ मळत होती. मी रिकामी गाडी घेऊन परत निघालो आणि आपण एका सत्तरीच्या बाईला डोंगरात सोडून आलोय, या विचाराने वाटेत दोनदा गाडी थांबवली.

गुरुवारी सकाळी माझ्या दाराची बेल वाजली. काकीचा थोरला मुलगा उभा होता. गळ्यात जाड सोनसाखळी, कपाळाला घाम. गावातल्या बंगल्यात राहणारा हा माणूस इमारतीत मी क्वचितच पाहिला होता. माणूस वाईट नव्हे. कामाचा व्याप मोठा.

‘‘सर, आईला कुठं बघितलंत का?’’

मी चाटच पडलो. ‘‘तिने तुम्हाला फोन नाही केला? ती सोमवारपासून डोंगरात आहे. दरडग्रस्तांकडे.’’

‘‘दरडग्रस्त?’’ तो माझ्याकडे बघत राहिला. ‘‘आमची आई? तिथं काय करतेय?’’

मी त्याला स्वेटरांचं सांगितलं. पावसाळाभर लॉबीत चाललेला तो कारखाना त्याच्या कानावरही गेलेला नव्हता.

‘‘घरून रोज डबा येतो तिला,’’ तो म्हणाला. ‘‘ड्रायव्हर दाराच्या कडीला लावून जातो, आदल्या दिवशीचा रिकामा डबा घेऊन येतो. आज म्हणाला, सोमवारपासून तीन डबे तसेच लटकताहेत. आधी वाटलं, उपास असेल.’’

हे तो अगदी साधेपणाने बोलला. बोलून झाल्यावर ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. त्याने खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं आणि ‘‘रविवारी मी येऊ का तुमच्याबरोबर?’’ असं विचारलं. मग त्याला रविवारी उरणला काहीतरी काम निघालं. मी एकटाच गेलो.

मी पोचलो तेव्हा काकी खोलीत नव्हती. पाण्याच्या नळावरून तिचा आवाज येत होता. नळाला पाणी का येत नाही यावरून ती भाऊला फैलावर घेत होती. अनसूया शेगडीपाशी बसली होती. मला पाहून तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. खोली झाडलेली होती. दोरीवर दोन लुगडी वाळत होती.

‘‘काकींना घरी कुणी न्हाई का वं?’’ तिने विचारलं.

‘‘आहेत की. दोन मुलगे आहेत, सुना आहेत, नातवंडं आहेत. सगळं भरपूर आहे.’’

ती थोडा वेळ भाकरी उलटत राहिली.

‘‘तुमी गेलासा त्या दिशी,’’ ती म्हणाली, ‘‘सांजच्याला मी त्यांना वाढलं. दोन भाकरी खाल्ल्या. मी आपलं सवयीनं इचारलं, काकी, अजून एक घालू का. तर रडायलाच लागल्या वं. मला कायच कळंना. माझं चुकलं का म्हटलं. तर म्हणाल्या, अजून घालू का, असं मला कुणी इचारलं त्याला लई वर्सं झाली.’’

तांब्या हातात तसाच राहिला.

‘‘माझ्या डोळ्यांत पानी येत नव्हतं,’’ अनसूया म्हणाली. ‘‘सगळी मला म्हणायची, रड, मोकळी हो. येतच नव्हतं. त्यांचं बघून आलं.’’

बाहेरून काकी आली. भाऊवर विजय मिळवल्याचं तिच्या चालण्यातच दिसत होतं. मला पाहून तिने ‘‘आलास? बस,’’ एवढंच म्हटलं आणि भिंतीला पाठ लावून, पाय पसरून बसली. तिचा मुलगा तिला शोधत आला होता ते मी सांगणार होतो; पण सांगितलं नाही.

अनसूयाने तिच्यापुढे ताट ठेवलं. काकी जेवली. भाकरी संपली तशी अनसूया तव्यावरची दुसरी घेऊन तिच्याकडे वळली.

‘‘काकी, घालू ना अजून?’’

‘‘नको गो, पोट भरला. नको,’’ काकी म्हणाली, आणि दोन्ही हातांनी ताट पुढे धरलं.